चौदा महिन्यांचं वर्ष

माझ्या वर्षात चौदा महिने आहेत.
बारा सगळ्यांचे, एक उन्हाळी सुट्टीचा, एक नाताळचा.
कायदाच तसा आहे आमच्या देशात,
आणि मातोझिन्योशच्या सार्डिन कारखान्यात
गोदामाचा हिशेब ठेवणाऱ्यालाही तो लागू होतो.
ओतीलियाचं वर्ष कधी नऊ महिन्यांचं,
एकदा तर सातचं.
म्हातारे मात्र आम्ही एकाच वेगाने होतोय.

विमा कंपनीतली अकरा वर्षांची नोकरी सोडली
तेव्हा म्हणाली, त्या खुर्चीचा वीट आलाय.
आता स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसते,
जिच्या एका पायाखाली पुठ्ठा आहे.
औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला पातळ कागद,
जो कुणीच वाचत नाही,
तो ती जर्मनमधून आमच्या भाषेत आणते.
शब्दाला आठ सेंट.
क्वचित: चक्कर, अंगावर पुरळ, झोप न लागणे.

फेब्रुवारीत तिला एकोणचाळीस अंश ताप होता.
कपाळावर ओला रुमाल ठेवून
तिने तापाच्याच गोळीचा कागद पुरा केला,
मुदत गुरुवारची होती.
त्याच महिन्यात माझी पाठ धरली.
डॉक्टरची चिठ्ठी दिली, आठ दिवस पडून राहिलो,
पैसे थोडे कापले गेले,
हजेरीपटावरचं नाव जागच्या जागी.

'पगार' हे आमच्याकडे क्रियापद आहे.
मला इतकी वर्षं ते नाम वाटायचं,
महिनाअखेरीला आपोआप येणारं,
भिंतीवरच्या घड्याळासारखं.
तिच्या शेजारी बसून व्याकरण कळलं:
कर्ता लागतो.
श्टुटगार्टमधल्या कुण्या फोग्टसाहेबांनी
बटण दाबलं, तर ते घडतं.
साठ दिवस. नव्वद दिवस.
एकदा साहेब लांबच्या रजेवर गेले
आणि त्यांच्या जागी आलेल्या बाईंना
बिलच सापडेना.

घराच्या कर्जासाठी बँकेने
माझी एक पगारपावती घेतली,
तिचे तीन वर्षांचे कागद चाळले
आणि टेबलावरून हळूच परत सरकवले.
त्या वर्षी ती माझ्याहून जास्त कमावत होती.
बाहेर येऊन आम्ही कॉफी प्यायलो.
पैसे तिने दिले.

पण एका मंगळवारी, अकराच्या सुमारास,
फोनवर फोटो आला.
आमची ब्रिजिदा शाळेच्या नाटकात कोळंबी झाली होती,
डोक्याला तारेच्या लांब मिशा,
आणि पहिल्या रांगेतून तिची आई फोटो काढत होती.
मी तेव्हा डबे मोजत होतो.
बावीस हजार आठशे.
माझी रजा मी ऑगस्टसाठी राखून ठेवली होती.
ऑगस्टमध्ये कुठल्याच शाळेत
कुणीच कोळंबी होत नाही.

मागच्या सोमवारी कारखान्यात सूचना लागली:
निर्यात विभागात जर्मन जाणणारी व्यक्ती हवी,
जागा कायमची.
इकडेतिकडे बघून मी तो कागद काढला,
खिशात घातला.
आज शनिवार. अजून खिशातच आहे.
ती हो म्हणेल याची भीती वाटते
की नाही म्हणेल याची,
ते ठरत नाही.

रात्री पोचा आलेला डबा उघडला;
असे डबे आम्हाला फुकट मिळतात.
बोल ना काहीतरी, मी म्हणालो.
पडद्यावरची नजर न काढता ती बोलली,
शेजारच्या बाईंबद्दल, गळक्या नळाबद्दल,
मग थांबून म्हणाली,
"दोन युरो चाळीस झाले बघ आत्ताचे."
हसताना खुर्ची सरकली, पुठ्ठा निसटला.
मी वाकलो तसा खिशातला कागद वाजला.
"काय आहे रे ते?"
"काही नाही, पायाखाली लावायला."
त्याची घडी घातली, आणखी एक,
आणखी एक,
औषधाच्या कागदाएवढी होईपर्यंत,
आणि सारली खुर्चीखाली.

तिने हलून पाहिलं.
"अजून जरा डुगडुगतेय," म्हणाली
आणि पुढचा शब्द घेतला.